कडू लागतंय ना?

यंदा मे महिन्यात आमच्या खळ्याच्या कडेचा निंब तोडला. विजेची तार त्याच्या फांद्यांतून जात होती, वारा सुटला की ठिणग्या उडायच्या, असं बाबा सगळ्यांना सांगतात. पण तोडा, असं पहिल्यांदा म्हणाली ती आई. शेवटचा पेपर देऊन मी शहापूरहून दुपारच्या एसटीने घरी आले तेव्हा गुडघाभर बुंधा उरला होता. कापलेल्या जागेवर तांबूस चिकट पाणी आलं होतं आणि त्यावर मुंग्या फिरत होत्या. खळ्यात कधी नव्हे एवढं ऊन पडलं होतं.

आणि वास. कडूपणाला वास असतो का, मला माहीत नाही. पण आमच्या घरात वाढलेल्या माणसाच्या तो नाकाआधी जिभेवर येतो. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि मी खांद्यावरची बॅग न उतरवताच वाकून दोन्ही पोटऱ्या चाचपून बघितल्या.

काही झालं नव्हतं. नुसता वास आला होता.

आमचा पाडा शहापूर-मुरबाड रस्त्यापासून आत, चढावर आहे. खाली भाताची खाचरं, वर साग आणि ऐन. पावसाळा लागला की आमच्या बोलण्यातून एक शब्द नाहीसा व्हायचा. साप म्हणायचं नाही. जनावर म्हणायचं, नाहीतर लांबडा. चावला, असंही म्हणायचं नाही. पान लागलं, म्हणायचं. म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं आणि त्याला कळत नाही. तो म्हणजे कोण, असं मी विचारलं की आई माझ्या तोंडावर हात ठेवायची. दिवाळीनंतर गवत कापून झालं, रानं मोकळी झाली, की तो शब्द हळूहळू परत यायचा. बाबा ओट्यावर बसून विडी ओढत म्हणायचे, "औंदा लय साप निघाले," आणि मला वाटायचं, चला, पावसाळा संपला.

त्या चार महिन्यांत पायाला काहीही टोचलं तरी ते कशाचं, हे गवतात कळायचं नाही. काटा असेल, मुंगळा असेल, गोम असेल. मी ओरडले की आई खाचरातून तशीच धावत यायची, हातापायांना चिखल, निंबाची डहाळी ओरबाडायची आणि पाला माझ्या तोंडात कोंबायची.

"चाव. नीट चाव गो. कडू लागतंय ना?"

"लागतंय."

"गोड तर नाय लागत?"

"नाय."

"खरा सांग. माझ्या गळ्याची शपथ?"

विष चढत असेल तर निंबाचा पाला गोड लागतो. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. आपलं नाव जसं कळतं तसं कळलं. काही घरांत मिरची खायला द्यायचे, ती तिखट लागते का बघायचे. पण पाल्यावर सगळ्यांचा भरवसा. आईचा चेहरा माझ्या तोंडाशी आलेला असायचा. तिच्या अंगाला चिखलाचा, भाताच्या रोपांचा आणि मशेरीचा वास. मी मान डोलावली की ती खाली खाचराकडे तोंड करून ओरडायची, "कडू हाय गो, कडू हाय!" आणि खालून बायांचं हसणं वर यायचं. एखादी म्हणायची, "पोरीची जीभच कडू, आयवर गेली. पाला काय सांगंल?"

मीही हसायचे. पण एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. पहिल्यांदा पाला कडूच लागायचा, झणझणून कडू. आई दुसऱ्यांदा विचारायची तेव्हा मात्र मला शंका यायची. कडू म्हणजे केवढं कडू? मागच्या वेळी लागलं होतं तेवढं? चावून चावून जीभ बधिर व्हायची आणि त्या बधिरपणाच्या अगदी मागे, घशाजवळ, काहीतरी गोडसर असल्यासारखं वाटायचं. मी "कडू" म्हणून मोकळी व्हायचे आणि मग अंथरुणात थुंकी गिळून गिळून बघायचे. गोड तर नाही? सकाळी जाग आली की पहिल्यांदा आश्चर्य वाटायचं.

पाला गोड लागला तर गोमाबाबा. पाड्याच्या वरच्या अंगाला त्यांचं घर. ते सहाणेवर तांदळाच्या धुवणात मुळी उगाळायचे. कुठली मुळी, ते कोणी बघायचं नाही. बघितलं तर गुण जातो. आम्ही मुलं कुडाआडून फक्त आवाज ऐकायचो, दगडावर घासल्याचा, संथ. वास ओल्या मातीसारखा यायचा, मागे थोडा कापरासारखा. औषध पोटात गेलं की ओकाऱ्या. मग माणसाला झोपू द्यायचं नाही. बाया परात वाजवत बसायच्या आणि त्याच्या नावाने हाका मारायच्या. कोणी वाचायचं, कोणी नाही. वाचलं तर मुळीमुळे. नाही वाचलं तर उशीर झाला म्हणून.

हिवाळ्यात बाबा म्हशाच्या जत्रेला न्यायचे. बैलांच्या बाजारातून घोंगड्यांच्या दुकानांकडे जाताना वाटेत एक वैदू फडकं पसरून बसलेला असायचा. फडक्यावर मुळ्या, साली, वाळक्या शेंगा. धुळीत त्या सगळ्या सारख्याच दिसायच्या. एकदा त्याने बोटभर मुळी बाबांच्या नाकाला लावली.

"मुंगसाची मुळी हाय, दादा. दाराला बांधा. हिचा वास आला की नाग वळून नाशिकला जाईल."

"आनि मण्यार?" बाबांनी विचारलं.

"मण्यार बारीक. ती कसाऱ्यापर्यंत जाईल."

आजूबाजूची माणसं हसली, बाबाही हसले, आणि मुळी घेतली. काळ्या दोऱ्यात बांधून ती आमच्या चौकटीला लटकली. येता-जाता तिच्याकडे बघायची मला सवय लागली होती. पुढे कुंभारमाशीने तिच्यावर मातीचं घर बांधलं.

मला तो काळ सुखाचा वाटतो का? भीती तर तेव्हाही होतीच. पण भीतीला एक शेवट होता. पाला चावायचा, कडू लागायचा, आई ओरडून सांगायची, आणि संपायचं. तसं आता काहीच संपत नाही.

यमी आमच्या शेजारच्या काशीमावशीची मुलगी. माझ्याहून थोडी मोठी, माझ्यापेक्षा कितीतरी धीट. भादव्यात काकड्या धरल्या की आम्ही वेलांत घुसायचो. एका सकाळी ती हात चोळत बाहेर आली, काहीतरी टोचलं म्हणाली. काशीमावशीने पाला दिला. यमीने तो चावला, डोळे मिटून, नाक मुरडून, सगळं तोंड वेडंवाकडं केलं आणि हिरवीगार जीभ आम्हाला काढून दाखवली. "कडू! कडू! कडू!" म्हणत ती खळ्यात नाचली. आम्ही पोट धरून हसलो. काशीमावशी कामाला गेली. दुपारी यमी ओट्यावर झोपली.

त्या संध्याकाळी पाड्यात कोणाच्याच घरातून धूर निघाला नाही.

मग माणसं म्हणू लागली, पोरगी खोटं बोलली. गोमाबाबांच्या औषधाने ओकारी येते, म्हणून घाबरली आणि गोडाला कडू म्हणाली. पाला खोटं बोलत नाय, माणूस बोलतो. हे बोलणं इतकं फिरलं की काशीमावशीही तेच बोलू लागली. विहिरीवर कोणी नवी बाई भेटली की कळशी खाली ठेवून सांगायची, "लबाड निघाली गो माझी यमी. आयशीला फसवून गेली." ती रडायची नाही. तक्रार केल्यासारखं सांगायची.

मी पुष्कळ वर्षं ती हिरवी जीभ आठवत राहिले. खोटं बोलणारी मुलगी एवढं नाक मुरडेल का? पण मी विचारणार कोणाला?

बारावीनंतर मी शहापूरच्या कॉलेजात जाऊ लागले. आमच्या घरातून मी पहिली. तिथे एकदा सापांची माहिती द्यायला एक बाई आल्या होत्या. भर पावसाळ्यात त्या साप, साप, साप असं सरळ म्हणत होत्या आणि मी दर वेळी बाकावर दचकत होते. त्या म्हणाल्या, मण्यार चावलेलं पुष्कळदा कळतही नाही, दुखत नाही, सुजत नाही. पण पापण्या जड होऊन खाली येऊ लागतात. मला विचारायचं होतं, पाल्याचं काय? मी हात अर्धा वर नेला. मग वाटलं, सगळी हसतील, आणि केस सारखे केल्यासारखं करून हात खाली घेतला.

मागच्या आषाढात आमच्या आवणीचा दिवस होता. आमच्याकडे भात लावायला सावड असते: आज सगळ्या बाया एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या. त्या दिवशी आमची पाळी होती. आई आणि मी खाली एकाच अंथरुणावर झोपायचो. उजाडताना ती उठून बसली आणि कोपर चोळत म्हणाली, "उंदरानं कातरला वाटतं." तिने चूल पेटवली, चहा ठेवला. मग पोट धरून दारात बसली.

बाबा उठले. बाहेर जाऊन पाला घेऊन आले. आईने तो चावला आणि तोंड वाकडं केलं. "कडूजहर हाय. सांगलं ना, उंदीर."

बाबांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. ते रोपांच्या जुड्या उचलायला गेले. खालून बाया हाका मारू लागल्या होत्या. आई चौकटीला धरून उठली, दोन पावलं गेली आणि ओकली. "रातचा वांगा बाधला," ती म्हणाली. शब्द जरा जाड येत होते, झोपेतून उठल्यासारखे.

"आये, वर बघ."

"काय हाय वर?"

"बघ ना."

तिने हनुवटी वर केली. डोकं मागे टाकून ती आढ्याकडे बघू लागली. पापण्या मात्र जिथे होत्या तिथेच राहिल्या, अर्ध्यावर.

तिच्या ओठांच्या कडेला पाल्याचा हिरवा रस होता. तिला कडू लागलं होतं. खरोखर कडू लागलं होतं. म्हणजे यमीलाही लागलं होतं.

मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. माझा आवाज अशा वेळी फार बारीक होतो.

"आज? बाया खाचरात उतरल्या नं मी दवाखान्यात? डोका फिरला का गो तुझा? कडू लागला ना?"

"पण पापण्या…"

"झोप नाय झाली. तू चाय गाळ."

बाबा दाराशी थांबून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मी काय सांगणार होते? एका बाईंनी कॉलेजात सांगितलं म्हणून? आईच्या मुठीत थोडा पाला उरला होता. तो मी ओढून घेतला आणि तोंडात टाकला. इतका कडू होता की कान गरम झाले. मी तो चावला, गिळला, आणि तोंड जराही हलू दिलं नाही.

"आये, मलाही टोचलं होतं पहाटे. इथं, घोट्याला."

"काय लागतं?"

"गोड."

जिला उभं राहता येत नव्हतं ती बाई उभी राहिली. ती ओरडली तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. भाजीचा टेम्पो फाट्यावरून निघायच्या बेतात होता, बाबा त्याच्यामागे धावले. खाचरातल्या बाया वर आल्या. गोमाबाबा आता नव्हते, त्यांचा मुलगा भिवंडीला गोदामात कामाला होता. कोणीतरी म्हणालं, म्हशाच्या पलीकडे एक बाबा औषध देतो, तिकडं न्या. आई म्हणाली, "ती कॉलेजात जाते. तिला विचारा कुठं जायचा."

"शहापूर," मी म्हणाले.

टेम्पोत शिराळ्यांच्या गोण्यांमध्ये आम्ही बसलो. आईने माझा पाय मांडीवर घेऊन घोटा दोन्ही हातांनी धरला होता. "झोपू नको. झोपू नको हां गो." हे बोलताना तिचीच मान पडत होती. सापगावच्या पुलाखाली भातसा नदी गढूळ होऊन फुगली होती. पुलावर तिचं डोकं माझ्या गुडघ्यावर टेकलं, पण हातांची पकड सुटली नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बॅटरी लावून तिचे डोळे बघितले आणि लगेच धावपळ सुरू झाली. नर्सबाई सुई घेऊन आल्या तर आई हात ओढून घेऊ लागली. "पोरीला आधी. तिला गोड लागलाय."

मी नर्सबाईंकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग मोठ्याने म्हणाल्या, "हो हो, हिलाही लावतो. चल गं, झोप त्या खाटेवर." माझ्या मनगटावर कापसाचा बोळा ठेवून त्यांनी चिकटपट्टी लावली. आत काही नव्हतं. तो हात त्यांनी आईच्या बोटांना लावून दाखवला. "बघा, लागलं. आता तुमचा द्या." आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "पेशंट आहेस ना? मग रडू नको. पेशंट गप पडून असतात."

मी गप पडून राहिले. आईच्या पापण्या पूर्ण मिटल्या. ती झोपली नव्हती, फक्त डोळे उघडता येत नव्हते. बाटलीतून थेंब पडत होते. थोड्या थोड्या वेळाने ती विचारायची.

"हायस का गो?"

"हाय."

"काय लागतं आता?"

"जरा जरा कडू लागायला लागलं, आये."

"बरा झाला."

मग शब्द येईनासे झाले. नुसता घशातला आवाज. मग तोही नाही. फक्त माझ्या बाजूची बोटं हलायची. मी त्या बोटांना सांगत राहिले, हाय, मी हाय, कडू लागतंय, आता चांगलं कडू लागतंय. बाहेर ठाण्याला न्यायला गाडी उभी करून ठेवली होती, तिचं मागचं दार उघडंच होतं, आणि आत येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्या छातीकडे बघून जात होता. बाबा दारात उकिडवे बसले होते. लहानपणी मी थुंकी गिळून बघायचे तसा त्या दुपारी मी आईचा एकेक श्वास तपासून बघत होते.

गाडी न्यावी लागली नाही. उन्हं कलताना तिच्या डाव्या पापणीची कड हलली. नखाएवढी फट उघडली. त्या फटीतून तिने आधी माझी खाट शोधली.

घरी आल्यावर पायांत बळ येताच ती काशीमावशीकडे गेली. मी बरोबर होते. मावशी सुपात तांदूळ निवडत होती. आई उंबऱ्यातच बसली.

"काशे, तुझी यमी लबाड नव्हती गो. मलाही कडूच लागला व्हता. मी मरत व्हते नं मला कडू लागत व्हता."

मावशीची बोटं तांदळात थांबली. मग ती म्हणाली, "आनि मी सगळ्या गावाला सांगलं गो. सगळ्या गावाला." तिने एक खडा उचलला, तो टाकायचा कुठे हे न सुचून मुठीत धरून ठेवला. मग ती रडली. यमी गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं.

आता निंब नाही. बाया चिडल्या. "रात्री-अपरात्री पोरांना काय चावायला द्यायचा?" आई म्हणते, "काय नाय द्यायचा. टेम्पोवाल्याला फोन लावायचा." पाड्यात सगळ्यांनी त्याचा नंबर घेतला आहे. पण मला बायांचं कळतं. काहीतरी चावल्यावर टेम्पो येईपर्यंतचा तो वेळ, त्या वेळात तोंडात काहीच नसणं, हे फार कठीण आहे.

आणि आमच्या घरात एक खाट आली आहे. एकच. ती माझी, कारण मला पान लागलं होतं. आई अजून खालीच झोपते. मी तिच्या अंथरुणाभोवती मच्छरदाणी लावून कडा नीट खोचते. ती म्हणते, जीव गुदमरतो. उजाडताना जाग येते तर मच्छरदाणी माझ्या खाटेवर असते आणि आई खाली उघडी, हात जमिनीवर पसरलेला. तो हात मी बघत राहते, बोटं हलेपर्यंत.

तिला खरं सांगावं, असं मला रोज वाटतं. सांगितलं तर ती हसेल, की मारेल? कदाचित खाटेवरही झोपेल. पण मृग लागला आहे, खालच्या खाचरात बेडूक ओरडू लागले आहेत, आणि आवणीचा दिवस पुन्हा येणार आहे. त्या सकाळी ती स्वतःसाठी उठली नव्हती. पुढच्या खेपेलाही उठणार नाही. तेव्हा माझ्याकडे तिला उठवायला काहीतरी असायला हवं. म्हणून मी गप्प राहते.

सकाळी एसटीसाठी निघाले की ती मला दारात अडवते. दवाखान्यातून आल्यापासून तिने हे सुरू केलं आहे. माझी हनुवटी धरते, डोकं हलू देत नाही.

"वर बघ."

मी वर बघते.

"आजून."

तिचा चेहरा अगदी जवळ असतो. ती एक एक करून माझ्या दोन्ही पापण्या बघते, अंगठ्याने उचलून बघते, आणि मी तेवढ्यात तिच्या बघून घेते.